शब्दसंख्या वीस

पंतनगर, घाटकोपर (पूर्व)
२७ ऑक्टोबर २०२४

चंदू,
सप्रेम जय भीम.

माझं अक्षर बघून दचकशील. इतक्या वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि आता हे लांबलचक पत्र. फोन करता आला असता, पण माझ्या कानात आता मशीन आहे आणि फोन जवळ नेला की ते शिट्टी मारतं. शिवाय फोनवर तू समोरच्याला बोलू देत नाहीस हे जगजाहीर आहे.

द्रौपदीला जाऊन येत्या मार्चमध्ये दोन वर्षं होतील. अनिरुद्ध आणि सूनबाई शीतल सकाळी कामाला जातात, मग घरात मी आणि भिंतीवरचं घड्याळ. दिवाळीच्या साफसफाईत शीतलने माळा रिकामा केला तेव्हा चादरीत गुंडाळलेला माझा सेट खाली आला. ती म्हणाली, "बाबा, हा रेडिओ भंगारवाल्याला देऊ का?" मी 'दे' म्हणणार होतो आणि तोंडातून 'राहू दे' आलं. एक कपॅसिटर बदलला, सेट चालू झाला. हेडफोन लावले की मशीनशिवायही मला ऐकू येतं. माइक मात्र अजून खोक्यातच आहे.

मला परत यायचं आहे, चंदू. आपल्या हॅम रेडिओवाल्यांच्या नेटवर, सगळे सेटवर जमतात त्या सकाळच्या गप्पांत. पण माझ्या ऐकण्याची खात्री पटल्याशिवाय मी माइकला हात लावणार नाही. कारण तुला ठाऊक आहे, तरी एकदा लिहून काढू दे.

जानेवारी २००१. भूजच्या भूकंपानंतर तू रेडिओवाल्यांच्या टीमबरोबर गेलास आणि छावणीत सेट लावलास. तिकडचे टेलिफोन मेले होते. आमची निम्मी गल्ली कच्छी. माणसं माझ्या दारात बसून असायची. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तू फरसाणवाल्या छेडांच्या आईचा, वेलबाईंचा संदेश दिलास. म्हातारी जिवंत आहे, पाय मोडलाय, उद्या ०९३० ला गाडीने हलवणार, माणूस पाठवा. आपल्या रेडिओवाल्यांत वेळ नेहमी ग्रिनिचची लिहायची, यूटीसी, आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. हे तुला मीच शिकवलं होतं. म्हणून मी त्यात साडेपाच तास मिळवले आणि छेडांच्या घरी 'दुपारी तीन' असं सांगितलं. त्यांचा मुलगा कच्छच्या वाटेवर होता. त्याने रात्री राधनपूरच्या पीसीओवरून घरी फोन केला, त्याला तीनच सांगितलं गेलं. तो रात्रभर तिथे थांबला आणि दुपारी एकला छावणीत पोहोचला. गाडी सकाळी साडेनऊलाच गेली होती. राजकोटला जागा नाही म्हणून ती पुढे कुठेतरी वळवली. आई सापडली तिसऱ्या दिवशी. आदल्या रात्री गेली होती, एकटी.

नंतर मी तुला सेटवर विचारलं, "चंदू, तू वेळ लोकल, म्हणजे आपल्या घड्याळाची, म्हणून सांगितली होतीस का?" तू म्हणालास, "हो भाऊ, लोकल म्हणालो होतो, तुझ्याकडून राहिलं असेल." सगळं नेट ऐकत होतं. मी 'माझी चूक' म्हणालो आणि सेट बंद केला, तो बंदच.

आता विनंती. दर रविवारी सकाळी दहाला चाळीस मीटरच्या बँडवर मला एक संदेश सांग. कोणी विचारलं तर 'चाचणी आहे' म्हण. मी लिहून घेईन आणि पोस्टाने तुला पाठवीन, तू तपास. रीतीप्रमाणे प्रत्येक संदेशाची शब्दसंख्या आधी सांग, म्हणजे एखादा शब्द गळला तर मोजताना कळेल. भूजच्या संदेशाचेही शब्द मी मोजले होते आणि ते जुळले होते, असं मला उगाच आठवत राहतं. माझा कागद छेडांना दिला, नक्कल ठेवली नाही. म्हणजे मी ऐकण्यात चुकलो आणि मोजण्यातही.

ओळीने दहा बरोबर आले तर माइक जोडेन. एक जरी चुकला तर शीतलला सांगून भंगारवाल्याला बोलावतो.

शुभेच्छांचा आपला ७३ चा आकडा लिहीत नाही. तो सेटवर बोलणाऱ्या माणसाने लिहावा. मी नुसत्या शुभेच्छा देतो.

भाऊराव तायडे


काजूपाडा, बोरिवली (पूर्व)
४ नोव्हेंबर २०२४

भाऊ,
जय भीम, जय भीम, शंभर वेळा जय भीम!

अरे मेल्या, जिवंत आहेस! पोस्टमन पत्र घेऊन आला तेव्हा मी अंघोळीला गेलो होतो. रत्नप्रभाने दाराबाहेरून ओरडून सांगितलं, "तुमच्या गुरुजींचा पत्र इलाहा!" तसाच टॉवेल गुंडाळून बाहेर आलो. चष्मा सापडेना, तर तिनेच वाचून दाखवलं. पहिलं पान हसत वाचलं तिने. दुसऱ्यावर उठली, माझा चष्मा शोधून आणला आणि पत्र माझ्या हातात दिलं.

द्रौपदीवहिनींचं मला कळलंच नाही रे. त्यांनी मला किती वेळा ज्वारीची भाकरी आणि ठेचा घातलाय, आणि मी प्रत्येक वेळी डोळ्यांतून पाणी काढत दुसरी मागितलीय. कोणी सांगितलं असतं तर आलो असतो. खरंच आलो असतो.

तुझी परीक्षा मंजूर. येत्या दहा तारखेपासून, सकाळी दहा. पण मी म्हणतो, कशाला हे सगळं? तू मला सर्किट शिकवलंस, संदेश लिहायला शिकवलंस, रेल्वेच्या सिग्नल खात्यात तुझ्यासारखा कान कोणाला नव्हता. आणि आता तू माझ्यापुढे परीक्षेला बसणार? उलटा कारभार झाला.

ते भूजचं सोड. तेव्हा सगळ्यांचीच वाट लागली होती. कोण काय बोललं कोणाला आठवतंय?

अँटेना कुठे लावलीस ते कळव. तुमचा सेक्रेटरी कटकट्या आहे का आमच्यासारखा?

तुझा,
चंदू
(७३ मी लिहितो. मला कोणी अडवलेलं नाही.)


घाटकोपर
११ नोव्हेंबर २०२४

चंदू,

कालचा संदेश सोबत जोडला आहे. शब्दसंख्या तू चोवीस सांगितलीस, माझ्याकडे पंचवीस भरले. कारण सोलकढीच्या कृतीत तू आधी 'लसूण दोन पाकळ्या' म्हणालास, मग स्वतःलाच दुरुस्त करून 'तीन'. मी दोन्ही लिहून ठेवले आहेत. कोणतं खरं ते रत्नप्रभावहिनींना विचारून कळव. चूक माझी धरायची की तुझी, ते तू ठरव.

अँटेना गच्चीवर आहे. पाण्याच्या टाकीपासून लिफ्टच्या खोलीपर्यंत तार. अनिरुद्ध टाकीवर चढला, मी खालून ओरडत होतो. सेक्रेटरीने विचारलं, तायडेकाका, ही काय भानगड? मी म्हटलं, रेडिओची तार. त्याला ते पटलं की नाही माहीत नाही, पण काल सकाळीच तिसऱ्या मजल्यावरच्या प्रियंकाने त्यावर बेडशीट वाळत घातली होती. तुझा आवाज काल थोडा दबलेला आला तो त्यामुळे.

'कोण काय बोललं कोणाला आठवतंय' असं तू लिहिलंस. मला आठवतं. तू 'लोकल' म्हणाला होतास, तुला त्याच वेळी आठवत होतं, आणि मला ऐकू आलं नव्हतं. म्हणूनच ही परीक्षा आहे. तिला थट्टेवारी नेऊ नकोस.

भाऊराव


बोरिवली
२८ नोव्हेंबर २०२४

भाऊ,

तिन्ही कागद बरोबर. लसूण तीन पाकळ्या. चूक माझी आणि बोलणी पण मीच खाल्ली. तिसऱ्या संदेशात मी मुद्दाम भराभर आकडे घातले होते, मालाडच्या माणिकआत्याचा पिनकोड, तिच्या बिल्डिंगचा नंबर, बसचे नंबर, सगळं एका दमात. तू एकही सोडला नाहीस. मी स्वतः वाचताना अडखळलो आणि तू ते अडखळणंसुद्धा कंसात लिहून पाठवलंस! झकास.

आता ऐक. तीन झाले, पुरे झाले. कान ठणठणीत आहे तुझा. पुढच्या रविवारी माइक जोड आणि ये. नेटवरची नवी पोरं मला विचारतात, काका, तुमचे गुरू कोण? मी तुझं नाव सांगतो तेव्हा म्हणतात, ते अजून आहेत? मी त्यांना काय सांगू?

उगाच जुनं उकरू नकोस. तू उकरतोस आणि मला रात्री झोप येत नाही. वय झालं आपलं.

तुझा,
चंदू


घाटकोपर
१६ डिसेंबर २०२४

चंदू,

सहावा कागद सोबत. दहा म्हटले म्हणजे दहा.

तुला झोप येत नाही हे वाचून वाईट वाटलं. माझ्यामुळे तुला त्रास व्हावा असा हेतू नव्हता. पण तू समजून घे. छेडांचं फरसाणचं दुकान माझ्या घरापासून चार मिनिटांवर आहे. स्टेशनला जायचा सरळ रस्ता त्यावरूनच. मी २००१ पासून त्या रस्त्याने गेलेलो नाही. मागच्या गल्लीने, नाल्यावरच्या पुलावरून जातो, बारा मिनिटं जास्त लागतात. द्रौपदीच्या गुडघ्यांना तो पूल झेपत नसे, तरी ती कधी काही बोलली नाही, माझ्याबरोबर यायची. ती गेली त्या दिवशी रुग्णवाहिकासुद्धा सरळ रस्त्याने आली आणि मी आत बसून डोळे मिटून घेतले. बायको समोर झोपलेली आणि मला दुकानाची भीती. असा माणूस आहे मी.

नोकरीतही तेच. भूजनंतरच्या वर्षी मला बढती देत होते. मी नाकारली. सिग्नलच्या कामात ज्याचा स्वतःच्या कानावर भरवसा नाही त्याने वर जाऊ नये असं मला वाटलं. घरचे समजले, मला जबाबदारी नको आहे.

म्हणून ही दहा पानं मला हवी आहेत. उरलेली चार मनापासून सांग. सोपी करू नकोस.

भाऊराव


बोरिवली
९ जानेवारी २०२५

भाऊ,

नवाही बरोबर.

तुझं बढतीचं मला माहीत नव्हतं. वहिनींच्या गुडघ्याचं पण नव्हतं. तुझं ते पत्र आल्यापासून रत्नप्रभा माझ्याशी धड बोलत नाही. काल मी तुझा नववा कागद तपासायला बसलो तर ती भाजी निवडायची थांबली आणि म्हणाली, "तो माणूस तुमच्या फुडे परीक्षेक बसलोहा, आणि मास्तर कोण, तर तुमी! लाज कशी नाय वाटना तुमका?" तिला सगळं माहीत आहे. तुला का नाही, ते तुला कळेल.

दहावा येत्या रविवारी. हळू सांगेन. नीट लिही आणि नीट मोज.

चंद्रप्रकाश


घाटकोपर
१२ जानेवारी २०२५

संदेश क्रमांक दहा
सांगितलेली शब्दसंख्या: वीस

वेलबाई जिवंत उजवा पाय मोडला उद्या ०९३० वाजता छावणीतून गाडीने राजकोटला नेणार सोबत नातेवाईक हवा तेजलला सांगा आजी बरी आहे

मोजलेली शब्दसंख्या: वीस

तीनदा मोजले. यात 'लोकल' नाही.

भाऊराव तायडे


बोरिवली
१५ जानेवारी २०२५

भाऊ,

कागद मिळाला. बरोबर आहे. सगळेच्या सगळे दहा बरोबर.

'लोकल' त्यात नाही, कारण मी तो शब्द उच्चारलाच नव्हता. भूजचं माझं संदेशांचं पॅड माझ्याकडे आहे, कार्बनच्या प्रतीसकट. कपाटात साड्यांच्या खाली. रविवारी त्यातूनच वाचून दाखवलं. छावणीतल्या डॉक्टरने 'सुबह साढ़े नौ' सांगितलं आणि मी ०९३० लिहिलं. यूटीसी करायचं राहिलं, लोकल म्हणायचंही राहिलं. तू ऐकलंस ते अगदी बरोबर ऐकलंस. मोजलंस ते बरोबर मोजलंस. आणि त्यात साडेपाच तास मिळवलेस तेही नियमाने बरोबर होतं.

तू सेटवर विचारलंस तेव्हाच मला कळलं होतं की काय झालं. आमचा टीमप्रमुख शेजारी उभा होता, पंधरावीस स्टेशनं ऐकत होती. माझ्या तोंडून 'हो भाऊ' निघून गेलं. वाटलं, रात्री निवांत सांगू. रात्री तू सेटवर नव्हतास. मग परत आलो तर आमचा सत्कार ठेवला होता. शाल, नारळ, फोटो. त्या शालीखाली मी ते सांगायचं राहू दिलं, भाऊ. मग वर्ष गेलं, मग लाज वाटायला लागली. पुढे तर लाजेचीही सवय झाली. शाळांमधून मुलांना 'भूजचे अनुभव' सांगत हिंडलो आणि दर वेळी वेलबाईंना वगळलं.

मला वाटायचं तू रागाने रेडिओ सोडलास, किंवा कंटाळून. तू स्वतःच्या कानांना दोष देत बसला असशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा समजलं. तरी मी दोन महिने तुझे कागद तपासत बसलो.

मी तुझा अपराधी आहे.

चंदू


घाटकोपर
२६ जानेवारी २०२५

चंद्रप्रकाश,

आठवडाभर तुझं पत्र टेबलावर ठेवलं. आज तारीखही भूकंपाचीच आली म्हणून बसलो लिहायला.

मला राग आला आहे, आणि तो कशाचा ते मोजून सांगतो. वेळेच्या चुकीचा नाही. तीन रात्री झोप नाही, धरणी हलते आहे, चहूकडे रडारड. त्या जागी मीही लोकल म्हणायला विसरलो असतो. आणि मीसुद्धा उलटून 'कोणती वेळ' असं विचारायला हवं होतं. नियम माहीत असणारा माणूस विचारत नाही, तो गृहीत धरतो. तेवढी चूक माझ्या नावावर राहू दे.

त्या 'हो भाऊ'चाही राग आता फार उरलेला नाही. चारचौघांत माणूस घाबरतो. राग याचा आहे की मी दर आठवड्याला कागद पाठवत होतो आणि तू त्यावर 'बरोबर' लिहून परत पाठवत होतास. नऊ वेळा. मी शाळेतल्या पोरासारखा पोस्टमनची वाट पाहायचो. शीतल विचारायची, बाबा, आज काय निकाल? मी तिला पास झालो म्हणून सांगायचो.

गेली चोवीस वर्षं मी गॅस बंद केल्यावर दोनदा बघतो. कुलूप लावलं की परत वर जातो. कुकरच्या शिट्ट्या द्रौपदीला विचारून मोजायचो, ती हसायची, म्हणायची, "तुमी तं भलतेच भित्रे झाले." ती गेली. तिला मी आता कुठे सांगू की मी बरोबर ऐकलं होतं?

माझी माफी मागू नकोस. मला ती देता येते की नाही हे मलाच माहीत नाही. तू छेडांच्या दुकानात जा. कार्बनची प्रत घेऊन जा, आणि जे मला लिहिलंस ते त्यांना तोंडाने सांग. मग काय ते बघू.

भाऊराव


बोरिवली
१७ फेब्रुवारी २०२५

भाऊ,

शनिवारी जाऊन आलो. मेट्रो बदलून घाटकोपर. रत्नप्रभा बरोबर येते म्हणाली, मी नको म्हटलं. हिला पुढे करून मी मागे लपलो असतो.

दुकान तेच आहे, नवी पाटी, काचेचं काउंटर. गल्ल्यावर एक बाई होती, चाळिशीच्या आतबाहेर. मी नाव विचारलं. तेजल. संदेशातली तेजल, भाऊ. आपण 'आजी बरी आहे' असं जिला सांगितलं ती. तेव्हा तेरा-चौदा वर्षांची होती. तिचे वडील चार वर्षांपूर्वी वारले, आता तीच सगळं बघते.

मी पाव किलो पापडी मागितली, कारण सुरुवात कशी करायची कळेना. मग पॅड काढलं. तिने ते बघितलं आणि भिंतीवरचा आजीचा फोटो खाली घेतला. फ्रेमच्या मागे तुझा कागद खोचलेला होता. तुझं अक्षर, खाली वीसचा आकडा आणि त्याच्यापुढे तुझी बरोबरची खूण. बाजूला लिहिलेलं, 'यूटीसी, म्हणजे दुपारी ३'. पिवळा पडलाय, पण घडीसुद्धा नीट घातलेली.

मी तिला सगळं सांगितलं. तुला लिहिलं तसंच, शालीसकट. आजीला ती बा म्हणते. तिने एकच विचारलं, "म्हणजे पप्पा रात्रीच निघाले असते तर बा भेटली असती?"

मी 'हो' म्हणालो. या वेळी खरं होतं.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. तिने त्याला शेव तोलून दिली, सुटे दिले, पिशवीला गाठ मारली. मग माझ्याकडे वळली. म्हणाली, "काका, पप्पा शेवटपर्यंत म्हणत होते, मी राधनपूरला झोपलो म्हणून आई एकटी गेली. टाइम चुकीचा होता असं त्यांना कधी वाटलंच नाही. त्यांना वाटायचं गाडी लवकर सुटली आणि आपण आळस केला. हॉस्पिटलमध्ये पण मला तेच बोलले. तुम्ही चार वर्षं लवकर यायला पाहिजे होतं."

मी तिथेच रडलो, भाऊ. दुकानात, लोकांपुढे. तिने मला स्टूल दिलं, पाणी दिलं. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही, मीही विचारलं नाही. आईला घरी जाऊन सांगते म्हणाली. आणि पापडीचे पैसे घेतले, सुटे परत दिले.

निघताना म्हणाली, "दुसरे काका कुठे असतात? चिठ्ठी द्यायला आले होते ते. मम्मीने त्यांना चहा दिला होता, पण ते उभ्याउभ्या पाणी पिऊन गेले, अजून लोकांना चिठ्ठ्या द्यायच्यात म्हणून. परत कधी आलेच नाहीत. त्यांना सांगा, या रस्त्याने जात जा."

एका कागदावरून आपण तिघे जण, तू, मी आणि तिचा बाप, आपापल्या घरी बसून कुढत राहिलो. त्यातला अपराधी एकटा मी, आणि शिक्षा भोगली तुम्ही दोघांनी.

तुझ्या बिल्डिंगखाली आलो होतो. वर बघितलं, तार दिसली, त्यावर कोणाचा तरी टॉवेल होता. दहा मिनिटं उभा राहिलो. वर यायचं धाडस झालं नाही.

मी दर रविवारी दहाला तिथेच असतो. संदेश सांगणार नाही आता. नुसता तुला हाक मारीन आणि ऐकत बसेन. नाही आलास तरी तक्रार नाही.

चंदू


(पोस्टकार्ड. संपर्काची पोच म्हणून रेडिओवाले एकमेकांना पाठवतात तसलं, हाताने रेघा मारून केलेलं.)

स्टेशन: चंद्रप्रकाश परब, बोरिवली
दिनांक: २ मार्च २०२५
वेळ: ०४३० यूटीसी, म्हणजे आपले सकाळचे दहा
बँड: चाळीस मीटर
तुझा आवाज: स्पष्ट. अधूनमधून बसत होता, तो सेटचा दोष नव्हता.

शेरा: चोवीस वर्षांनी पहिला संपर्क. मी तीन वाक्यं बोललो आणि तू चार वेळा 'भाऊ, परत सांग' म्हणालास. कान तुझा तपासून घे.

काल सरळ रस्त्याने स्टेशनला गेलो. तेजलने माझा कागद दाखवला. तिच्या आईने चहा दिला, तो बसून प्यायलो. त्यांच्याकडे तुझाही विषय निघाला. जे बोललो ते इथे मावणार नाही, घरी ये, समोर सांगतो. रत्नप्रभावहिनींना घेऊन ये. भाकरी शीतल करते, ठेचा मी शिकलो आहे.

वर वेळ दोन्ही लिहिल्या आहेत. इथून पुढे तूही दोन्ही लिहायच्या.

७३
भाऊ